कौलारू घर, चिऱ्याची भिंत आणि गोडॉक्स एक्सप्रो: फ्लॅश ट्रिगर वापरून झाल्यावरचं माझं मत

आमच्या सिंधुदुर्गात लग्नाचे फोटो काढायला लागलेल्या प्रत्येकाला पहिल्याच सीझनला एक प्रश्न पडतो, की फ्लॅश मारायचा कुठे? सगळे व्हिडिओवाले सांगतात सीलिंगला बाउन्स करा, म्हणजे फ्लॅश तिकडे मारून परत आलेला उजेड घ्या, पांढऱ्या भिंतीला बाउन्स करा, पण जुन्या घरात सीलिंग असतं कुठे, वर कौलं आणि धुराने काळे पडलेले वासे, भिंत गिलावा न केलेल्या चिऱ्याची, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाची, तिथून परत येणारा उजेड तांबूस होऊन येतो आणि हळद लावलेल्या नवरीच्या चेहऱ्यावर असा बसतो की एडिटिंगला कितीही सरकवा, एकतर साडीचा रंग जातो नाहीतर कातडीचा. बाहेर माटवात, म्हणजे मांडवात, आलात तर वर गुलाबी पिवळं कापड, आणि लग्न मे अखेरचं असेल, पावसाची भीती असेल, तर कापडावर निळी ताडपत्री. त्या निळ्या छताला बाउन्स केलेला फ्लॅश सगळ्या वऱ्हाडाला आजारी दाखवतो.

म्हणून माझं ठाम मत आहे की कोकणात काम करणाऱ्याने महागडी लेन्स, दुसरी बॉडी वगैरे नंतर बघावं, आधी फ्लॅश कॅमेऱ्यावरून खाली उतरवावा, आणि त्यासाठी जो वायरलेस ट्रिगर लागतो तो निवडताना रेंज किती मीटर लिहिलीय हे बघण्यापेक्षा त्याचा डिस्प्ले आणि बटणं बघावी. मी गोडॉक्स कंपनीचा एक्सप्रो वापरते, कॅननसाठीचा, स्वतःच्या पैशाने घेतलाय, कोणी रिव्ह्यूसाठी पाठवलेला नाही. मॉडेल जुनं आहे, बाजारात २०१७ च्या सुमाराला आलं, त्यानंतर त्याचा पुढचा एक्सप्रो टू पण आलाय, तरी अजून जुना खूप जणांकडे आहे आणि सेकंडहँड पण भरपूर फिरतो, त्यामुळे लिहितेय. किंमत रोज बदलते म्हणून आकडा देत नाही.

ज्यांना अगदीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ट्रिगर कॅमेऱ्याच्या डोक्यावर हॉटशू नावाच्या खाचेत बसतो आणि २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओवर लांबच्या फ्लॅशना सांगतो की आता पेटा आणि एवढ्याच ताकदीने पेटा. गोडॉक्सच्या बऱ्याचशा फ्लॅशमध्ये, साध्या टीटी ६०० पासून मोठ्या एडी २०० पर्यंत, रिसीव्हर आतच असतो, वेगळा डबा लावावा लागत नाही. तीन गोष्टी दोन्हीकडे जुळवाव्या लागतात. पहिलं चॅनेल, १ ते ३२ मधलं कुठलंही. दुसरा आयडी, ०१ ते ९९. तिसरा ग्रुप, ए, बी, सी असा. चॅनेल आणि आयडी सगळ्या फ्लॅशना एकच ठेवायचा आणि ग्रुप मात्र प्रत्येक फ्लॅशला वेगळा द्यायचा, म्हणजे मग एकेकाला वेगळं हाकता येतं. छोट्या फ्लॅशला रिसीव्हर मोडला टाकलं की त्याचा स्क्रीन नारिंगी होतो, मास्टरला, म्हणजे दुसऱ्यांना हुकूम देणाऱ्याला, हिरवा असतो, त्यामुळे माटवाच्या दुसऱ्या टोकाला बांबूला बांधलेला फ्लॅश बरोबर मोडला आहे की नाही हे लांबून नुसत्या रंगावरून कळतं. ही बारीक गोष्ट आहे पण गर्दीत तिथपर्यंत जाऊन बघायचं वाचतं, आणि पंगत बसलेली असताना ते जाणं म्हणजे किती जणांच्या पानावरून पाय टाकणं ते लग्नात काम केलेल्यांनाच माहीत.

आता डिस्प्ले. एक्सप्रोचा स्क्रीन मोठा आहे आणि तिरका बसवलाय, म्हणजे कॅमेरा छातीपाशी धरून खाली बघितलं की तो सरळ तुमच्याकडे बघतो. गोडॉक्सच्याच आधीच्या एक्सवन ट्रिगरचा स्क्रीन सपाट आणि छोटा, त्यावर ग्रुप बघायचे तर मान वाकवून बघावं लागायचं. इथे पाच ग्रुप एकाखाली एक ओळीत दिसतात, ए ते ई, प्रत्येकासमोर तो टीटीएलवर आहे (ताकद कॅमेरा ठरवतो) की मॅन्युअलवर (ताकद आपण ठरवतो) की बंद आणि पुढे ताकद, १/१६, १/३२ अशी, म्हणजे पूर्ण ताकदीचा तेवढा भाग. आणि डाव्या बाजूला प्रत्येक ओळीसमोरच त्या त्या ग्रुपचं बटण. बी चं बटण दाबलं, चाक फिरवलं, बी ची ताकद बदलली, संपलं. मेनूत शिरायचं नाही, बाणाने खाली वर जायचं नाही. पेटी वाजवणारा पट्ट्यांकडे न बघता सूर धरतो तसं काही दिवसांनी अंगठा आपोआप बरोबर बटणावर जातो आणि डोळे अंतरपाटाकडे राहतात. मला या वस्तूत सगळ्यात जास्त किंमत याची वाटते, कारण अंतरपाट दूर होतो तो क्षण काही तुमच्यासाठी थांबत नाही, भटजी "सावधान" म्हणणार, अक्षता पडणार, आणि तेव्हा तुम्ही मेनू शोधत असाल तर गेलं ते.

एकच ग्रुप मोठा करून बघायची पण सोय आहे, भिंगाची खूण असलेलं बटण दाबलं की निवडलेला ग्रुप अख्ख्या स्क्रीनवर येतो. ज्यांना चाळीशीचा चष्मा लागलाय त्यांना बरं पडतं. आणि सगळे ग्रुप एकदम वर खाली करायचे तर ऑल आहे, म्हणजे ए आणि बी मधला फरक तोच राहतो आणि दोन्ही सोबत उतरतात किंवा चढतात. माटवाचा पडदा कोणीतरी बाजूला केला आणि एकदम ऊन आत आलं की याचा फार उपयोग होतो.

स्क्रीन उन्हात दिसतो का? दिसतो, आणि इथे तो मोबाईलपेक्षा चांगला, कारण हा साधा एलसीडी आहे, उजेड जितका जास्त तितका तो स्पष्ट, बॅकलाइटची गरजच पडत नाही. तारकर्लीच्या पांढऱ्या वाळूवर भर दुपारी जिथे फोनवर काही म्हणजे काही दिसत नाही तिथे याच्यावरचे आकडे वाचता येतात. फक्त एक, समुद्रावर पोलराइज्ड गॉगल घालून बसलात तर काही कोनातून कुठलाही एलसीडी काळा पडतो, तेव्हा ट्रिगर बिघडला म्हणून घाबरू नका, गॉगल काढा. रात्रीसाठी बॅकलाइट आहे, तो १२ सेकंदांनी बंद होणारा, कायम चालू किंवा कायम बंद असा ठेवता येतो, आणि कॉन्ट्रास्ट पण मेनूतून कमीजास्त होतो. मी बॅकलाइट १२ सेकंदांवरच ठेवते, सेल वाचतात.

बाकीची सेटिंग मेनूत आहेत आणि तिथे नावं अर्धवट अक्षरांची, मॅन्युअल समोर ठेवून एकदा निवांत बसून समजून घ्या. त्यातली दोनतीन मात्र प्रत्येकाने बघायलाच हवी. एक अंतराचं, तिथे ० ते ३० मीटर आणि १ ते १०० मीटर असे दोन पर्याय. आपल्याला वाटतं मोठा आकडा तो चांगला, तसं नाही. देवघरात किंवा माजघरात जिथे फ्लॅश तुमच्या कोपराएवढ्या अंतरावर असतो तिथे ० ते ३० हवं, नाहीतर इतक्या जवळून सिग्नल नीट पकडला जात नाही. समुद्रावर गेलात की १ ते १००. दुसरं म्हणजे शूटचं सेटिंग. वन शूट ठेवलं तर मॅन्युअल मोडला ट्रिगर फक्त पेटण्याचा सिग्नल पाठवतो, एकट्याने काम करणाऱ्यासाठी ठीक, बॅटरी वाचते. मल्टी शूटला दर वेळी ताकदीची माहिती पण सोबत जाते, म्हणजे दोन फोटोग्राफर आपापले ट्रिगर घेऊन तेच फ्लॅश आपापल्या ताकदीने वापरू शकतात, पण सेल लवकर खातो. माझ्यासोबत लग्नात दुसरा फोटोग्राफर असतो तेव्हाच मी ते लावते.

आयडीबद्दल तर हात जोडून सांगते, बंद ठेवू नका. सीझनला एकाच हॉलच्या वर खाली दोन लग्नं असतात, दोन्हीकडे याच कंपनीचे फ्लॅश, दोघांनी चॅनेल १ तसंच सोडलेलं, मग तिकडच्याने फोटो काढला की तुमचा फ्लॅश पेटतो आणि तुम्ही काढायला जाल तेव्हा तो चार्ज होत असतो. आयडी लावला की हा प्रश्नच मिटतो. चॅनेल मोकळं आहे की नाही हे शोधायला स्कॅन पण आहे ट्रिगरमध्येच, हॉलवर वायफाय भरपूर असेल तर ते करून घ्यावं कारण वायफायची पण तीच २.४ ची पट्टी.

रेंजचं म्हणाल तर मोकळ्यावर काही अडचण नाही. घरात मात्र चिरा हा जाड दगड आहे, एकामागे एक दोन भिंती आल्या की कुठलाही रेडिओ दमतो. आणि लोकांना वाटत नाही पण माणसं पण सिग्नल खातात, अंगात पाणी असतं आणि या फ्रिक्वेन्सीचा रेडिओ पाणी शोषतं, त्यामुळे खच्चून भरलेल्या माटवात फ्लॅश कमरेएवढ्या उंचीवर ठेवण्यापेक्षा डोक्यांच्या वर, खांबाला क्लॅम्प लावून बांधायचा. उजेड पण वरून चांगला येतो आणि पोरं स्टँडला धडकत नाहीत. माझी नेहमीची मांडणी म्हणजे ए ग्रुप पांढऱ्या छत्रीतून बोहल्याच्या तिरक्या बाजूने, बी मागच्या खांबावर उघडाच, ए पेक्षा निम्म्या ताकदीने, केसांची आणि मुंडावळ्यांची कड उजळायला, आणि सी ओटीवर ठेवून देते म्हणजे घराचं दार आणि मागची माणसं काळोखात बुडत नाहीत. नवरी आत तयार होताना बी आणि सी बंद. आतल्या बायका आधी तक्रार करतात, एक आजी मला म्हणालेली, "गो बाय, ता माझ्या डोळ्यांत मारू नको हां", पण छत्रीतला उजेड मऊ असतो, आणि ट्रिगरवरून १/६४ पर्यंत उतरवला की मग कोणी लक्ष पण देत नाही. उठून फ्लॅशपाशी न जाता हे करता येतं हाच तर सगळा मुद्दा आहे, त्या छोट्या खोलीत परातीतल्या ओटीच्या सामानावरून उड्या मारत कोण जाणार.

टीटीएल की मॅन्युअल? टीटीएल म्हणजे कॅमेरा आधी एक बारीक फ्लॅश मारून मोजतो आणि ताकद स्वतः ठरवतो. लग्नात ते एका फोटोला बरोबर आणि पुढच्याला वेगळं येतं, कारण फ्रेममध्ये पांढरं धोतर आलं की कॅमेऱ्याला वाटतं उजेड जास्त झाला, काळा कोट आला की उलटं. यावर एक्सप्रोमध्ये टीसीएम नावाचं बटण आहे आणि मला ते मनापासून आवडतं. टीटीएलवर एक फोटो काढा, आवडला तर टीसीएम दाबा, कॅमेऱ्याने ठरवलेली ताकद मॅन्युअलच्या आकड्यात बदलून स्क्रीनवर समोर येते, मग ती तिथेच राहते, पुढचे सगळे फोटो सारखे. नवशिक्यांना ताकदीचा अंदाज शिकायला याहून चांगला मास्तर नाही. फक्त मेनूत फ्लॅशच्या ताकदीचा जो प्रकार विचारतो तो तुमच्याकडे जो फ्लॅश आहे तोच हवा, आणि कॅमेऱ्यावर बसणारा छोटा स्पीडलाइट आणि एडी २०० एकत्र लावले असतील तर दोघांचा आकडा एका दमात बरोबर येईल ही अपेक्षा ठेवू नका.

आता समुद्र. प्रीवेडिंगसाठी सगळ्यांना भोगवे, निवती, तारकर्ली, आणि सगळ्यांना सूर्य मागे हवा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, संध्याकाळी सूर्य सरळ पाण्यावर उतरतो, म्हणजे जोडपं पाण्याकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरे काळे. आकाशाचा रंग धरून ठेवायचा आणि मागचं थोडं धूसर पण हवं म्हणजे ॲपर्चर (लेन्सचं भोक) उघडं, तर शटर १/१००० सेकंदाच्या पुढे जातं, आणि साधा फ्लॅश १/२०० किंवा १/२५० च्या वर चालत नाही, त्याच्यापुढे शटरचा पडदा एका वेळी पूर्ण उघडाच नसतो, नुसती फट सरकत जाते, मग फोटोत काळा पट्टा येतो. त्यासाठी हायस्पीड सिंक. कॅननच्या एक्सप्रोवर सिंक बटण दाबलं की स्क्रीनवर एचएसएसची खूण येते, आणि १/८००० पर्यंत जाता येतं. निकॉनवाल्यांनी आधी कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन ऑटो एफपी (निकॉनचं हायस्पीड सिंक) चालू करायचं असतं, नुसतं ट्रिगर बघून होत नाही.

पण हायस्पीडला फ्लॅश एकदा जोरात न पेटता फट सरकेपर्यंत पटापट पेटत राहतो, त्यामुळे ताकद बरीच पडते. छत्री लावलेला छोटा फ्लॅश उतरत्या उन्हासमोर काहीच करत नाही, तिथे एडी २०० सारखा २०० वॅटसेकंदाचा हवा, आणि तो पण जवळ आणायचा, कारण अंतर दुप्पट झालं की उजेड पाव होतो. छत्रीचा दुसरा वैताग म्हणजे खारा वारा, संध्याकाळी समुद्राचा वारा जोर धरतो आणि स्टँड आडवा होतो, पिशवीत तिथलीच वाळू भरून स्टँडच्या पायाला बांधा, नाहीतर माणूस धरायला उभा करा. सूर्य टेकायच्या आधीच्या अर्ध्या तासात उजेड मिनिटामिनिटाला उतरतो, तेव्हा मदतनीस पोरगा फ्लॅश घेऊन लाटेत उभा असतो आणि मी माझ्या जागेवरून १/१ वरून १/२, १/४ अशी उतरत जाते. दर वेळी त्याला ओरडून सांगावं लागलं असतं तर समुद्राच्या आवाजात अर्धं ऐकूच गेलं नसतं.

सेलचं सांगते. याला दोन एए सेल लागतात, आणि माझ्या दृष्टीने हे चांगलं आहे कारण एए सेल आचऱ्याच्या किराणा दुकानात पण मिळतो. रिचार्जेबल वापरत असाल तर स्क्रीनवरची बॅटरीची खूण मनावर घेऊ नका, ती अल्कलाइनच्या १.५ व्होल्टप्रमाणे मोजते, रिचार्जेबलचे १.२ असतात म्हणून भरलेले असले तरी कमी दाखवते. मी सकाळी मुहूर्ताच्या आधी भरलेली जोडी घालते आणि दुसरी खिशात ठेवते, खुणेकडे बघतच नाही. पावसाळ्यात चार महिने काम नसतं तेव्हा सेल काढून ठेवा, आपल्या दमट हवेत आत राहिलेला सेल फुटून पाणी सुटलं तर कॉन्टॅक्ट हिरवे होतात. हॉटशूच्या पिना पण कोरड्या सुती कापडाने पुसत जा, समुद्रावरून आल्यावर त्याच दिवशी, खारी हवा पितळेलासुद्धा सोडत नाही. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवायचं, आमच्याकडे तर माशांच्या मसाल्यालासुद्धा तेच करतात.

काय नाही ते पण सांगायला हवं. याच्या डोक्यावर दुसरा हॉटशू नाही, म्हणजे ट्रिगर लावल्यावर वर एखादा फ्लॅश बसवता येत नाही, गोडॉक्सच्याच एक्सटूटी ट्रिगरवर ते येतं. ब्लूटूथ नाही, फोनवरून चालवायचा असेल तर एक्सटूटी किंवा एक्सप्रो टू बघा. आकार मोठा आहे, छोट्या मिररलेस बॉडीवर तो जरा अंगावर आल्यासारखा दिसतो, आणि त्यांच्यासाठी छोटा टचस्क्रीनवाला एक्सथ्री आलाय, चार्जिंगची बॅटरी आतच. दिसायला सुंदर आहे तो. पण मे महिन्यातल्या घामाने आणि नारळाच्या पाण्याने चिकट झालेल्या बोटांनी मला स्क्रीनवर टिचक्या मारायच्या नाहीत, मला दाबलं की कळणारं बटण हवं, आणि बॅटरी संपली तर सेल बदलून पुढच्या मिनिटाला काम चालू व्हायला हवं. पर्यटकांचे, कॅफेचे, खोल्यांचे फोटो काढणाऱ्याला एक्सथ्री शोभेल, लग्नवाल्याला मी एक्सप्रोच सांगेन.

आणि हो, दशावतारासाठी हा घेत असाल तर नका घेऊ. कार्तिकानंतर जत्रा सुरू झाल्या की पोरं देवळासमोर मांडावर दोन दोन फ्लॅश बांधून बसतात. अंधारात रात्रभर बोलत नाचत असलेल्या नटाच्या डोळ्यांवर दर मिनिटाला फ्लॅश आला तर त्याला पुढची पावलं दिसत नाहीत, शिवाय संकासुराच्या किंवा गणपतीच्या प्रवेशाचा सगळा रंगच त्या मंचावरच्या उजेडात आहे, फ्लॅशने तो धुऊन जातो. तिथे आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपायची ताकद) वाढवा आणि गप्प बसून काढा. पडद्यामागे रंगपटात, कंपनीच्या मालकाला विचारून, चेहरा रंगवतानाचे फोटो काढायचे असतील तर मात्र एक फ्लॅश छत्रीत आणि १/१२८ पासून सुरुवात, तिथे हा ट्रिगर सोन्यासारखा आहे.

घेताना डब्यावरचं शेवटचं अक्षर बघा, सी म्हणजे कॅनन, एन निकॉन, एस सोनी, एफ फुजी, ओ ऑलिंपस आणि पॅनासॉनिक. चुकीचं अक्षर आलं तर टीटीएल आणि हायस्पीड चालणार नाही. सेकंडहँड घेत असाल तर आपला कॅमेरा आणि एक फ्लॅश सोबत न्या, पाचही ग्रुपची बटणं आणि चाक दाबून फिरवून बघा, सेलच्या खान्यात हिरवं काही दिसतंय का ते बघा, हॉटशूची रिंग घट्ट आवळते का बघा, आणि दुकानाच्या बाहेर उन्हात येऊन फ्लॅश दहा पंधरा पावलांवर ठेवून लागोपाठ पेटवून बघा. यूएसबी सीचं भोक पण केबल घालून तपासा, फर्मवेअर (ट्रिगरच्या आतलं सॉफ्टवेअर) अपडेट तिथूनच होतं, आणि नवीन कॅमेरा बॉडी घेतलीत की त्याची गरज पडू शकते.